लेबल छपाईतलं कोल्ड फॉइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबलवर सोनेरी-चंदेरी झळाळी हवी म्हटलं की सगळी चर्चा फॉइलच्या शेडवर होते. प्रेसवर मात्र वेळ जातो तो फॉइलखालच्या ॲडहेसिव्हवर. ते किती जाड बसलं, सपाट बसलं का, दिव्याखाली पुरतं वाळलं का, यावरच काम ठरतं. डिझाइन पक्कं होण्याआधी ही बाजू ब्रँडवाल्यांना आणि डिझायनरना माहीत असेल, तर पुढचे बरेच वाद टळतात. त्यासाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः नॅरो-वेब (अरुंद रोलच्या) फ्लेक्सो मशीनची, म्हणजे लवचिक, उठावाच्या प्लेटने रोलवर छापल्या जाणाऱ्या सेल्फ-ॲडहेसिव्ह लेबलांची आहेत.

कोल्ड फॉइलमध्ये नेमकं काय होतं?

मशीनच्या एका युनिटवर शाईऐवजी यूव्ही ॲडहेसिव्ह, म्हणजे अतिनील दिव्याखाली वाळणारा गोंद, भरलेलं असतं. जिथे चमक हवी तेवढ्याच भागाची फ्लेक्सो प्लेट बनवून ते ॲडहेसिव्ह लेबल स्टॉकवर, म्हणजे लेबलच्या कागदावर किंवा फिल्मवर, छापतात. त्यावर फॉइलची पट्टी रबरी रोलरने दाबून बसवली जाते, दोन्ही मिळून यूव्ही दिव्याखालून जातात, आणि लगेच पुढे फॉइलची पट्टी सोलून वेगळ्या शाफ्टवर गुंडाळली जाते. ॲडहेसिव्ह होतं तिथे धातूचा थर लेबलवर राहतो, बाकीचा पट्टीबरोबर परत जातो. पुढच्या युनिटांवर रंग, वार्निश, डायकटिंग, सगळं एकाच पासमध्ये.

वापरलेली पट्टी उजेडासमोर धरली की छापलेल्या लोगोची पारदर्शक प्रतिमा दिसते. ती जरूर पाहावी. लेबलवर काय बिघडलंय ते लेबलपेक्षा या पट्टीवर लवकर दिसतं.

फॉइलच्या रोलमध्ये कोणकोणते थर असतात?

सर्वांत बाहेर पॉलिएस्टरची वाहक फिल्म असते, बहुतेकदा १२ मायक्रॉनची. तिच्या आतल्या बाजूला फिल्म सहज सुटावी म्हणून रिलीज कोट, मग लॅकर, मग निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, आणि शेवटी ॲडहेसिव्हशी पकड जमावी म्हणून प्रायमर. ॲल्युमिनियमची जाडी मायक्रॉनचे काही शतांश एवढीच असते. इतका बारीक थर असल्यामुळेच यूव्ही प्रकाश त्यातून थोडाफार पार होतो आणि खालचं ॲडहेसिव्ह वाळतं.

सोनेरी फॉइलमध्ये सोनं नसतं. लॅकरला पिवळसर रंग दिलेला असतो, खाली ॲल्युमिनियमच.

हॉट फॉइल घ्यावं की कोल्ड?

हा प्रश्न दराने सुटत नाही. कागद कोणता आहे आणि डिझाइन कसं आहे, ते आधी बघावं लागतं.

हॉट फॉइलमध्ये पितळ, तांबं किंवा मॅग्नेशियमचा डाय साधारण १०० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दाबाने फॉइल बसवतात. उष्णता आणि दाब यांमुळे कागदाचे तंतू तिथे सपाट होतात. म्हणून खडबडीत, कापसासारख्या पोताच्या कागदावरही ते भरीव दिसतं, अक्षरं किंचित आत बसलेली जाणवतात. पण डाय बनवायला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात, आणि वेग कोल्डच्या तुलनेत कमी राहतो.

कोल्ड फॉइलला डाय लागत नाही, फक्त एक जास्तीची फोटोपॉलिमर प्लेट लागते. तापलेला डाय नसल्यामुळे पातळ फिल्म ताणत किंवा आक्रसत नाही. रंगांशी रजिस्टर, म्हणजे एकावर एक नेमकी जागा, त्याच मशीनवर जुळतं, त्यामुळे लोगोभोवती बारीक रेघ, फुलांच्या पाकळ्यांच्या कडा, रंगातून चमकेत जाणाऱ्या छटा हे सारं जमतं. उणी बाजू अशी की कोल्ड फॉइल खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा दाखवतं. खाली खड्डा असेल तर वर खड्डा दिसणारच.

माझं मत स्पष्ट आहे. पोताचा जाड कागद असेल, मोठ्या अक्षरांचे दोन-चार शब्दच चमकवायचे असतील आणि हाताला दाबाचा ठसा जाणवायला हवा असेल, तर हॉट फॉइलच घ्यावं. गुळगुळीत फिल्म किंवा ग्लॉस कोटेड कागद, मोठी ऑर्डर, बारीक नक्षी, वर रंग चढवायचे असतील तर कोल्ड. कोल्ड फॉइलचं युनिट मशीनवर बसवलेलं आहे म्हणून प्रत्येक जॉब त्यावरच ओढायचा, हे ग्राहकाच्या हिताचं नाही.

त्यापेक्षा चंदेरी स्टॉकच घेतला तर? किंवा मेटॅलिक शाई?

लेबलचा निम्म्याहून जास्त भाग चमकणार असेल तर मेटलाइज्ड कागद किंवा फिल्म घेऊन, जिथे चमक नको तिथे दाट पांढरी शाई खाली टाकणं सोपं पडतं. अडचण पांढऱ्याची असते. एका थरात ती पूर्ण झाकत नाही आणि पांढरा भाग करडा दिसतो. शुभ्र पार्श्वभूमीवर छोटा चमकदार लोगो हवा असेल तर कोल्ड फॉइलच योग्य.

मेटॅलिक शाई स्वस्त पडते आणि छापायला सोपी असते, पण तिच्यात धातूचे सुटे कण असतात. आरशासारखी चमक तिला येत नाही. मसाल्याच्या बाटलीला ती चालून जाते, अत्तराच्या बाटलीला चालत नाही.

कोणत्या स्टॉकवर उत्तम बसतं आणि कुठे त्रास देतं?

पीपी, पीई आणि पीईटी या प्लास्टिक फिल्मवर उत्तम, फक्त पृष्ठभागाची ऊर्जा पुरेशी हवी. ही ऊर्जा मोजणाऱ्या डाइन पेनाने तपासायचं. ३८ ते ४२ च्या दरम्यान आकडा मिळाला की सहसा अडत नाही. फिल्म कारखान्यातून ट्रीट होऊन आलेली असली तरी ती ट्रीटमेंट साठवणुकीत उतरते. गोदामात बरेच महिने पडून असलेल्या रोलला छापण्याआधी मशीनवरच कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे पृष्ठभागाची ऊर्जा वाढवणारा विजेचा झोत, द्यावी.

ग्लॉस कोटेड कागदावरही चांगलं येतं. सेमी-ग्लॉसवर येतं, पण फिल्मइतका आरसा होत नाही. अनकोटेड आणि टेक्स्चर्ड कागदावर खरी अडचण होते. तिथे दिव्यापर्यंत पोचायच्या आतच ॲडहेसिव्ह कागदात मुरतं आणि वर फॉइल धरायला काही उरतच नाही.

नाशिक-दिंडोरी पट्ट्यातल्या वाइनच्या लेबलांबाबत हा प्रश्न वारंवार येतो. वाइनला पोताचा, हाताला खरखरीत लागणारा कागद शोभतो, आणि डिझायनरला त्यावर सोनेरी बारीक रेघही हवी असते. कोल्ड फॉइलने करायचंच असेल तर चमक येणाऱ्या भागाखाली आधी यूव्ही वार्निश किंवा प्रायमरचा थर देऊन कागदाचं शोषण बंद करायचं, तो वाळवायचा आणि मग ॲडहेसिव्ह छापायचं. त्यासाठी एक युनिट जास्त अडकतं. पोत फार खोल असेल तर हेही पुरत नाही. तिथे ग्राहकाला हॉट फॉइलचा नमुना दाखवणंच प्रामाणिकपणाचं आहे.

ॲनिलॉक्स कोणता लावायचा?

ॲनिलॉक्स म्हणजे प्लेटला मोजून ॲडहेसिव्ह देणारा, बारीक पेशी कोरलेला रोलर. फिल्मसाठी सुरुवात दर चौरस मीटरला ४ ते ६ घन सेंटिमीटर व्हॉल्यूमच्या रोलरने करावी, कागदासाठी थोडा वरचा घ्यावा. व्हॉल्यूम कमी पडला तर चमकेत सुईने टोचल्यासारखे ठिपके राहतात. जास्त झाला तर ॲडहेसिव्ह दाबाखाली बाजूला पसरतं, अक्षरांची पोटं भरतात आणि थर खालपर्यंत वाळत नाही.

तो आकडा स्वच्छ रोलरचा आहे. रोलरच्या पेशींत जुनी शाई वाळून बसली असेल तर प्रत्यक्षात मिळणारा व्हॉल्यूम त्यापेक्षा बराच कमी असतो. शक्य असेल तर कोल्ड फॉइलसाठी एक ॲनिलॉक्स वेगळा ठेवावा आणि त्याला रंगीत शाई लावूच नये.

दिव्याआधी फॉइल लावायचं की दिव्यानंतर?

दोन्ही पद्धती चालतात. वेट पद्धतीत ओल्या ॲडहेसिव्हवर फॉइल दाबायचं आणि मग फॉइलमधून दिवा द्यायचा. लेबलच्या कामात हीच जास्त वापरली जाते, कडा चांगल्या येतात. ड्राय पद्धतीत आधी दिवा देऊन ॲडहेसिव्ह चिकट अवस्थेत आणायचं आणि मग फॉइल दाबायचं. अपारदर्शक किंवा जाड फॉइलसाठी ती उपयोगी पडते. दोन्हींची ॲडहेसिव्ह वेगळी असतात, एकाचं दुसऱ्यात वापरू नये.

चमकेत बारीक छिद्रं का दिसतात?

सर्वांत जास्त तक्रार याचीच येते, आणि कारणं बरीच असतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची.

आधी लेबल ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं धरा आणि भिंगातून बघा. छिद्रं एकसारख्या अंतरावर, जाळीसारखी दिसत असतील तर तो ॲनिलॉक्सचा नमुना आहे. ॲडहेसिव्ह कमी पडतंय किंवा त्याला सपाट व्हायला वेळ मिळत नाहीये. छापण्याच्या आणि फॉइल दाबण्याच्या जागेत थोडं अंतर असलेलं बरं, तेवढ्यात थर बसतो. ॲडहेसिव्ह गार असेल तर घट्ट राहतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला डबा थेट गोदामातून आणून ओतला तर हमखास हे होतं. डबा आदल्या संध्याकाळी प्रेसच्या खोलीत आणून ठेवावा.

छिद्रं इकडेतिकडे, कशीही पसरलेली असतील तर धुळीकडे बघा. पॉलिएस्टरची पट्टी सोलताना स्थिर वीज तयार होते आणि ती हवेतले कण ओढून घेते. पुणे-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात हे जास्त जाणवतं. अँटिस्टॅटिक बार चालू आहे का, त्याच्या सुया स्वच्छ आहेत का, आणि कागद कापलेल्या कडेची भुकटी रोलवर आहे का, ते तपासावं.

ठरावीक लांबीनंतर त्याच जागी एक ठिपका परत परत येत असेल तर शोधाशोध करायची गरज नाही. प्लेटवर किंवा दाबाच्या रबरी रोलरवर काहीतरी चिकटलेलं आहे. ठिपक्यांमधलं अंतर मोजा. ते प्लेट सिलिंडरच्या घेराशी जुळतं की रबरी रोलरच्या, यावरून दोषी कोण ते कळतं.

कडा कुरतडल्यासारख्या येतात, त्याचं काय?

सोलण्याचा कोन बघा. फॉइल लेबलपासून झटकन, काटकोनाच्या जवळपास वळून वेगळं व्हायला हवं. बारीक व्यासाचा पीलिंग रोलर त्यासाठीच असतो. फॉइल लांबवर तिरकं ओढलं जात असेल तर धातूचा थर नको तिथे फाटतो आणि कडेला कपचे राहतात. पट्टीचा ताण कमी-जास्त होत असेल तरी हेच दिसतं.

कोन बरोबर असून कडा वाईट येत असतील, तर प्लेटवर दाब जास्त आहे. फ्लेक्सोत दाब जास्त झाला की ॲडहेसिव्ह अक्षराच्या कडेला ढकललं जातं आणि फॉइल त्या फुगीर कडेलाही बसतं.

सोनेरी, तांबूस, गुलाबी अशा प्रत्येक छटेसाठी वेगळं फॉइल घ्यावं लागतं का?

नाही, आणि कोल्ड फॉइल घेण्याचं हे फार चांगलं कारण आहे. चंदेरी फॉइल बसवायचं आणि त्यावर नेहमीच्या पारदर्शक प्रोसेस शाया छापायच्या. पिवळ्यात थोडा मॅजेंटा मिसळला की सोनेरी, मॅजेंटा वाढवला की तांबूस, सायनने धातूचा निळा. एकाच लेबलवर सोनेरी किनार आणि हिरवं चकचकीत पान, दोन्ही एकाच चंदेरी रोलमधून निघतात. गोदामात दहा रंगांचे अर्धे-अर्धे रोल पडून राहत नाहीत.

मात्र फॉइल ओव्हरप्रिंटसाठी योग्य आहे ना, हे पुरवठादाराला विचारून घ्या. काही फॉइलच्या वरच्या पृष्ठभागावर शाई धरत नाही. आणि ब्रँडचा सोनेरी रंग ठरलेला असेल तर पडद्यावर किंवा साध्या प्रूफवर मंजुरी देऊ नका. धातूची चमक तिथे दिसतच नाही. खऱ्या फॉइलवर छापलेला तुकडाच मंजूर करा आणि त्यावर तारीख घालून दोघांनी सही करा.

डिझायनरने फाइल कशी द्यावी?

फॉइलचा भाग वेगळ्या स्पॉट कलरमध्ये (फाइलमधला स्वतंत्र नावाचा रंग), १०० टक्के सॉलिड, व्हेक्टर स्वरूपात आणि ओव्हरप्रिंट लावून. स्पॉटचं नाव ओळखता येईल असं ठेवा. सावल्या, ग्रेडियंट फॉइलच्या थरात नकोत, ते वरच्या रंगाने साधा.

फॉइलमधल्या भरीव रेघा साधारण ०.१५ मिलिमीटरच्या वर, आणि फॉइलमधून पोकळ सोडलेल्या रेघा ०.२५ च्या वर ठेवल्या तर प्रेसवर झुंजावं लागत नाही. पोकळ अक्षरं ८ पॉइंटपेक्षा लहान नसावीत. देवनागरीसाठी यापेक्षाही मोठी ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. रोमन अक्षरांवर बेतलेले आकडे देवनागरीला पुरत नाहीत. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ यांची पोटं बारीक असतात आणि ॲडहेसिव्ह तिथे आधी भरतं. अनुस्वाराचा ठिपका सोलताना उडून जातो. रफारही नाजूक असतो. उत्पादनाचं मराठी नाव फॉइलमध्ये असेल तर जाड वजनाचा फॉन्ट निवडा आणि प्लेट काढण्याआधी जोडाक्षरं मोठी करून एकदा डोळ्यांखालून घाला.

रंग फॉइलला खेटून येत असेल तर थोडा ट्रॅप, म्हणजे एकावर एक चढणारी कड, ठेवा. किती, ते त्या त्या मशीनवाल्याला विचारा.

एमआरपी, वजन, बारकोड फॉइलवर छापले तर चालतात का?

नाही. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार ही माहिती ठळक आणि वाचता येईल अशी हवी, किंमत आणि निव्वळ वजनाचे आकडे पार्श्वभूमीशी स्पष्ट विरोधी रंगात हवेत. चकचकीत पृष्ठभागावर बाटली जरा फिरवली की आकडे दिसेनासे होतात. घासाघीस करून नियमात बसवण्यापेक्षा ती जागा फॉइलमुक्त ठेवणं शहाणपणाचं.

बारकोडचं कारण प्रकाशाचं आहे. स्कॅनरला पांढऱ्या पट्ट्यांवरून सगळीकडे विखुरलेला प्रकाश परत हवा असतो. फॉइल आरशासारखं एकाच दिशेला प्रकाश फेकतं, त्यामुळे जी जागा स्कॅनरला उजळ दिसायला हवी ती काळी दिसते. बारकोडखाली पांढरा कागद किंवा दाट पांढरी शाईच हवी.

बॅच नंबर आणि तारीख नंतर कारखान्यात छापली जाणार असेल तर तिच्यासाठीही फॉइल आणि वार्निश दोन्ही नसलेली खिडकी सोडा. हे डिझाइनमध्ये हमखास विसरलं जातं आणि मग भरणीच्या लाइनवर कोडिंगची शाई बोटाने पुसली जाते.

फॉइल किती लागेल, याचा हिशोब कसा करायचा?

एक उदाहरण घेऊ. लेबल ६० बाय ९० मिलिमीटर, रुंदीत ४, ऑर्डर १ लाख. म्हणजे २५,००० ओळी. लेबल आणि मधली फट मिळून ९३ मिलिमीटर धरले तर २,३२५ मीटर छपाई झाली. सेटिंगचं वेस्टेज वेगळं.

फॉइल पूर्ण २५० मिलिमीटर रुंदीचं लावलं तर ते सुमारे ५८१ चौरस मीटर लागेल. लोगो मात्र प्रत्येक लेबलवर २५ बाय २० मिलिमीटरचाच आहे. लेबलवर खरोखर बसणारी चमक १ लाख लेबलांची मिळून फक्त ५० चौरस मीटर. म्हणजे दहापैकी नऊ भागांहून जास्त फॉइल नुसतं गुंडाळून टाकून द्यायचं.

यावर पहिला उपाय पट्ट्यांचा. लोगोच्या रेषेत ३० मिलिमीटरच्या ४ पट्ट्या लावल्या तर खर्च २७९ चौरस मीटरवर येतो, निम्म्याहूनही कमी. त्यासाठी डिझाइनमध्ये फॉइलचे घटक एकाच उभ्या पट्ट्यात असायला हवेत. वर डाव्या कोपऱ्यात एक तारा आणि खाली उजवीकडे एक वेल असं असेल तर पट्ट्या लावून उपयोग नाही. दुसरा उपाय फॉइल सेव्हरचा. हे यंत्र दोन लोगोंमधल्या रिकाम्या जागेत फॉइल थांबवतं किंवा मागे घेतं. महागडं आहे, पण रोज फॉइलची कामं असतील तर त्याचा विचार करण्याजोगा आहे.

फॉइलचा घटक लेबलवर किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे यावर खर्च जास्त ठरतो. डिझायनरने प्रेसवाल्याशी पहिल्याच आठवड्यात फोनवर बोललं, तर इथे खरे पैसे वाचतात.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, खास करून मुंबई, वसई, भिवंडी आणि कोकण-गोव्याकडे. यूव्ही ॲडहेसिव्ह दोन रसायनांवर चालतात. फ्री-रॅडिकल प्रकारावर दमट हवेचा फारसा परिणाम होत नाही. कॅटायोनिक प्रकारात हवेतली वाफ वाळण्याची क्रियाच मंदावते. डब्यावर कॅटायोनिक लिहिलं असेल आणि खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल, तर दिव्याखालून गेलेलं फॉइल वरून ठीक दिसतं आणि नंतर निघून येतं. डीह्युमिडिफायर नसेल तर जून ते सप्टेंबर फ्री-रॅडिकल ॲडहेसिव्हवर काढावेत. कागदाचे रोलही ओल धरतात. वेष्टण ऐनवेळीच फोडा.

एलईडी यूव्ही दिव्यावर हे होतं का?

होतं, ॲडहेसिव्ह त्यासाठी बनवलेलं असेल तर. मर्क्युरी दिवा यूव्हीचा मोठा पट्टा देतो, एलईडी बहुधा ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचाच. मर्क्युरीसाठीचं ॲडहेसिव्ह एलईडीखाली अर्धवट राहू शकतं. एलईडीचा फायदा म्हणजे उष्णता कमी. पातळ पीई फिल्मवर तो लगेच दिसतो.

फॉइल नंतर निघून आलं तर? तपासणी कशी करायची?

रोल सुरू झाल्यावर आणि प्रत्येक रोल बदलल्यावर टेप टेस्ट करा. ६१० नंबरची टेप फॉइलवर दाबून बसवायची, झटक्यात ओढायची आणि टेप काळ्या कागदावर चिकटवून बघायची. धातूचे कण टेपवर आले तर थांबा. वर शाई छापलेली असेल तर शाई फॉइलवरून निघाली की फॉइल स्टॉकवरून, हे पाहणं महत्त्वाचं. दोन्हींचे इलाज वेगळे. पहिल्यात फॉइलचा वरचा थर किंवा शाई बदलावी लागते, दुसऱ्यात कोरोना, ॲडहेसिव्ह किंवा दिवा.

उघडं फॉइल कधीही पाठवू नये. ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ आहे की खोक्यात बाटल्या एकमेकींवर घासल्या तरी ओरखडे पडतात. वार्निश किंवा लॅमिनेशन हवंच. सॅनिटायझर, अत्तर, तेल अशा वस्तूंसाठी तीच वस्तू कापसावर घेऊन वार्निश घासून बघा. बर्फाच्या बादलीत ठेवल्या जाणाऱ्या बाटलीचं लेबल खरोखर बर्फ-पाण्यात ठेवून तपासा.

परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांबाबत एक सूचना. त्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात धुतात आणि ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. अशा लेबलावर मोठं फॉइल ठेवण्याआधी बॉटलिंगवाल्यांशी बोलून घ्या.

खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवर सुरक्षित आहे का?

लेबल बाहेरून लागतं, पण अन्न आणि ॲडहेसिव्ह यांच्यामध्ये काय आहे ते बघावं लागतं. काचेतून काही आत जात नाही. पातळ पीई किंवा पीपीमधून न वाळलेले यूव्ही घटक झिरपू शकतात, तूप-लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांत जास्त. अशा ठिकाणी लो-मायग्रेशन ॲडहेसिव्ह आणि शाई मागा. अन्न सुरक्षा आणि मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ मध्ये छपाईच्या शाईसाठी आयएस १५४९५ हे मानक सांगितलं आहे. पुरवठादाराकडून त्याचं लेखी पत्र घेऊन फाइलला लावा. मायक्रोवेव्हमध्ये जाणाऱ्या डब्यावर धातूचं फॉइल नको. एनएफसी किंवा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप) असेल तर अँटेनाच्या जागेवरही नको.

होलोग्राफिक कोल्ड फॉइल लावलं की नक्कल थांबते का?

नाही. बाजारात सहज मिळणारा इंद्रधनुषी नमुना नक्कल करणाऱ्यालाही मिळतो. दिसायला सुंदर आहे, सजावटीसाठी जरूर घ्या. नकली माल रोखायचा असेल तर तुमच्यासाठीच बनवलेला, नोंदी ठेवून पुरवला जाणारा होलोग्राम हवा. सजावटीच्या फॉइलला सुरक्षा म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहा.

श्रिंक स्लीव्हवर चालतं का?

श्रिंक स्लीव्ह म्हणजे उष्णतेने आकसून बाटलीला घट्ट बसणारं वेष्टण. जिथे ही फिल्म फार आकसत नाही तिथेच चालतं. धातूचा थर आकसत नाही, त्यामुळे बाटलीच्या मानेजवळ तो सुरकुततो आणि मंद पडतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने कसं आहे?

लेबलवर राहणारा धातू नगण्य जाडीचा असतो. कागदावर पूर्ण मेटलाइज्ड फिल्म लॅमिनेट करण्यापेक्षा हे नक्की बरं, कारण लेबलवर प्लास्टिकचा वेगळा थर चढत नाही. खरा कचरा प्रेसवर तयार होतो: वापरलेली पॉलिएस्टर पट्टी. धातू आणि लॅकरचे अवशेष असल्यामुळे ती साध्या पॉलिएस्टरच्या भावाने कोणी घेत नाही. म्हणून फॉइलची रुंदी कमी करणं हाच इथला सर्वांत परिणामकारक उपाय, आणि त्याने पैसेही वाचतात.

ऑपरेटरच्या आरोग्याचं काय?

न वाळलेलं यूव्ही ॲडहेसिव्ह त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे द्या, कापडी नकोत, ते ॲडहेसिव्ह शोषून त्वचेला धरून ठेवतात. हात सॉल्व्हंटने पुसू नयेत, साबण-पाण्याने धुवावेत. मर्क्युरी दिव्याभोवती ओझोन तयार होतो, तेव्हा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय दिवा लावू नये. खर्चाची काटकसर करायला दुसऱ्या जागा आहेत, ही त्यातली नव्हे.

फक्त दोन-तीन हजार लेबलं हवी असतील तर?

मशीन जुळवण्यातच बरेच मीटर जातात, त्यामुळे दर लेबलामागे खर्च जास्त येतो. डिजिटल छपाईनंतर फॉइल चढवणाऱ्या यंत्रांवर, जिथे प्लेटच लागत नाही, अशी कामं परवडतात. चमकीचा भाग बदलता राहिला, जसं की दिवाळीच्या भेटींवर प्रत्येकाचं नाव, तर तोच मार्ग आहे. पुढे मोठी ऑर्डर फ्लेक्सोवर जाणार असेल तर डिजिटल नमुना रंगासाठी अंतिम मानू नका, चमक वेगळी दिसते.

उरलेले फॉइलचे रोल किती दिवस टिकतात?

डब्यावर दिलेल्या मुदतीपर्यंत, नीट ठेवले तर. थंड, कोरड्या खोलीत, उन्हापासून दूर, शक्यतो २० ते २५ अंशांत. पत्र्याच्या छताखालच्या गोदामात मे महिन्यात ठेवलेल्या रोलचे थर एकमेकांना धरतात आणि सुटताना चमक ओरबाडून आणतात. रोल आडवे एकावर एक रचू नका, नळीत दांडा घालून टांगा किंवा मूळ खोक्यातच ठेवा. कापून उरलेल्या अरुंद पट्ट्यांवर रुंदी, शेड आणि उरलेले मीटर लिहून ठेवा. पुढच्या छोट्या लोगोच्या कामाला त्याच वापरता येतात.